बत्तीसची काळी गोटी

"काळं नको," भूपालशेठ म्हणाले आणि काउंटरवरचा हात असा मागे घेतला, जणू समोर तापलेला तवा होता.

सांगलीच्या गणपती पेठेतलं हत्यारांचं दुकान, खंडेनवमीच्या आदला दिवस, सकाळचे अकरा. आम्ही तिघं जयसिंगपूरहून शेठच्या जीपने आलो होतो. शेठ म्हणजे भूपाल मगदूम, ट्रक दुरुस्तीच्या आमच्या गॅरेजचे मालक. दुसरे दस्तगीरभाई मुल्लाणी, आमचे हेड फिटर. बावीस वर्षं हाताच्या पान्याने ट्रकची चाकं खोलून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. तिसरी मी, शोभना कुंभोजे, गॅरेजचं स्टोअर सांभाळणारी. वय सत्तावीस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आता वय दुप्पट झालंय, राग आहे तिथेच आहे.

चाकाचे नट खोलायची, आवळायची, हवेवर चालणारी गन घ्यायची होती. तीन वर्षं शेठना ती चैन वाटत होती. मग रस्त्यापलीकडच्या गॅरेजात एक आली, तिची टर्रर्र आमच्या ऑफिसात ऐकू यायला लागली, आणि चैनीची गरज व्हायला आठ दिवसही लागले नाहीत.

दुकानाचे मालक आरवाडेकाका म्हातारे आणि चिकट. त्यांनी आधी आम्हालाच प्रश्न विचारले. कॉम्प्रेसर केवढा आहे? हवेचा पाइप किती जाड? दिवसाला चाकं किती? शेठनी एकाही प्रश्नाचं उत्तर न देता काचेतल्या सगळ्यात मोठ्या गनकडे बोट दाखवलं. "ती द्या. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, मगदूमांकडं गन आलीय."

दस्तगीरभाईंनी ती उचलून खांद्याच्या उंचीवर धरली. कपाळावरची शीर फुगली.

"शेठ, ताकद लई हाय हिच्यात. पर दिवसभर मी हिला उचलायची का हिनं मला? आणि आपला कॉम्प्रेसर हिची भूक भागवंल व्हय? चार नट झालं की दम लागंल, मग टाकी भरस्तोवर बसा बिडी वढत."

मग त्यांनी सगळ्यात लहान गन हातात घेऊन खाली ठेवली. "ही मोटारीला ठीक. ट्रकच्या नटाला नुसत्या गुदगुल्या करंल." शेवटी मधल्या मापाची, पाऊण इंची घेतली. आरवाडेकाकांनी मान डोलावली. "बरोबर निवडलीत. रोज सकाळी चार थेंब तेल सोडायचं आणि पाइपातलं पाणी काढायचं. एवढं केलंत तर ही तुम्हाला विसरणार नाही."

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत झालं. मग गोट्यांचा विषय निघाला.

गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी पोलादी वाटी. ती गनच्या तोंडाला लावायची. आरवाडेकाकांनी जो संच मांडला तो काळा होता, मळकट, बिनचकाकीचा. शेठनी हात मागे घेतला तो तेव्हा.

"उद्या पूजेत मांडायचंय नवं हत्यार," शेठ म्हणाले. "झेंडूच्या माळा, नारळ, आणि मधी हे कोळशासारखं? माझी आईच उचलून बाहेर फेकंल. चकचकीत द्या."

"शेठ, चकचकीत गोटी हाताच्या पान्याची. गन नट नुसता फिरवत नाही, ठोकते. मिनिटाला हजार ठोके. चकचकीत गोटी कडक असते, ठोके खाऊन तडकते. काळी जाड असते, मार पचवते."

"आमच्याकडं हायत त्या काय आज तडकल्या? बावीस वर्षं चालवतोय दस्तगीर. काय रं?"

दस्तगीरभाई म्हणाले, "काका म्हणत्यात तर काळीच घ्यावी, शेठ."

"तू गप. तुला पूजेतलं काय कळतंय?"

दस्तगीरभाई गप्प बसले. मीही बसले, आणि पूजेतलं मला चांगलं कळत होतं. आमच्या घरी खंडेनवमीला आजोबांचा काळाकुट्ट अडकित्ता पाटावर असायचा, त्याला कुणी उचलून फेकला नव्हता. हे मी तिथेच बोलायला हवं होतं. जीपमध्ये बसल्यावर मनातल्या मनात शंभर वेळा बोलले.

पावती घ्यायला मी मागे राहिले, तेव्हा आरवाडेकाकांनी एक काळी गोटी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "बत्तीसची आहे, बत्तीस मिलिमीटरच्या नटाची. ट्रकच्या चाकाला हीच लागते. शेठना सांगू नका, फिटरला द्या."

"पावतीत घाला मग."

"अहो बाई, मी देतोय ती. पावती कसली?"

मी ती पर्समध्ये टाकली. गॅरेजात आल्यावर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. चकचकीत गोट्या पाटावर ओळीने मांडल्या होत्या, त्यांच्यात शेठचा चेहरा पंधरा वेळा दिसत होता.

आता माझ्या स्टोअरबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी लागले तेव्हा त्या गॅरेजात निम्मे पाने पाय फुटून गेलेले होते. मी खिडकी करून घेतली, मागे खिळ्यांचा फळा लावला आणि प्रत्येक फिटरला त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले करून दिले. पाना घ्यायचा तर बिल्ला द्यायचा, रजिस्टरात सही करायची. मी पाना काढलेल्या खिळ्यावर बिल्ला अडकवायची. जे रजिस्टरात नाही ते स्टोअरात नाही, आणि रजिस्टरात चढायचं तर पावती नाहीतर शेठची सही हवी. चार वर्षांत एक स्क्रू-ड्रायव्हर हरवला नव्हता. "शोभनाच्या खिडकीतनं मुंगीसुद्धा सही केल्याबिगर जात न्हाई," असं शेठ पाहुण्यांना सांगायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गन आल्यावर पहिल्या पंधरवड्यात दस्तगीरभाई दोनदा खिडकीशी येऊन गेले. त्याचं नंतर सांगते.

सतराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, इचलकरंजीची सुताने भरलेली गाडी आली. मागच्या चाकाचे नट गंजून एकजीव झाले होते. दस्तगीरभाईंनी दोन नट काढले. तिसऱ्यावर गन बराच वेळ टरटरत राहिली, नट हलेना. त्यांनी जोर लावून तोंड जवळ नेलं. डोळ्यांवर काही नव्हतं, कारण गॅरेजात एकच गॉगल होता, वेल्डरचा, आणि त्यातून नट दिसत नसे.

आवाज फार मोठा झाला नाही. काचेची बरणी फुटावी तेवढाच. मी रजिस्टरातून मान वर केली तेव्हा गन खाली पडून स्वतःभोवती फिरत होती आणि दस्तगीरभाई गुडघ्यांवर बसले होते, उजव्या डोळ्यावर दोन्ही हात. बोटांतून रक्त येत होतं. ते ओरडले नाहीत. "ताई, हवा बंद करा," एवढंच म्हणाले. मी धावत जाऊन कॉम्प्रेसरचा खटका पाडला.

गोटीचे तीन तुकडे झाले होते. दोन जमिनीवर सापडले.

मिरजेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, डोळा वाचणार नाही. ते ऐकून मी गॅरेजात आले, तर भूपालशेठ माझ्या स्टोअरात उभे. माझ्या खुर्चीवर एक उघडं खोकं, त्यात नवा कोरा काळ्या गोट्यांचा संच. शेठ एकेक गोटी जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून फरशीवरच्या धुळीत घोळवत होते. चाळीस लाखांच्या गॅरेजचा मालक, उकिडवा बसून!

"काय करताय हे?"

"हळू बोल. कामगार खात्याचा साहेब येणार हाय शुक्रवारी. दस्तगीरच्या मेव्हण्यानं अर्ज दिलाय." त्यांनी हात पुसले. "हे रजिस्टरात चढव. खंडेनवमीची तारीख घाल. काळा संच बी हुता, चकचकीत बी हुता. त्यानं चकचकीत घेतला, त्याची चूक. त्याचा बिल्ला चकचकीतच्या खिळ्यालाच हाय. तेवढं तरी खरंच हाय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणसाचा डोळा गेलाय शेठ! आणि तुम्ही गोट्या मळवत बसलाय?"

"त्याला काय मी वाऱ्यावर सोडणार हाय? बघीन मी त्याचं, माझ्या पद्धतीनं. पर सरकारी कागदावर माझी चूक आली तर गॅरेजला टाळं लागंल. मग तू कुठं बसशील? ही खिडकी कुणी दिली तुला?"

"खिडकी तुम्ही दिलीत. रजिस्टर माझं आहे. त्यात मी खोटं अक्षर लिहिणार नाही."

"लिहू नकोस मग. तोंडानं सांग. काळी गोटी हुती, त्यानं घेतली न्हाई. एवढं एक वाक्य."

ते एक वाक्य ऐकून माझी कानशिलं तापली, आणि हात मात्र कमरेच्या किल्लीवर गेला. मी त्यांना दाराकडे बोट दाखवलं. "व्हा बाहेर. माझ्या स्टोअरातून बाहेर व्हा."

मालकाला असं बोलणारी त्या पट्ट्यात मीच पहिली असेन. शेठ चपला फटफटवत गेले. खोक्याच्या तळाशी संचाची पावती राहून गेली होती. तारीख त्याच दिवसाची, बुधवारची, म्हणजे अपघातानंतरची. मी ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

दोन रात्री मी संतापाने झोपले नाही. आईने विचारलं तर तिच्यावर खेकसले. शेठला कसं उघडं पाडायचं याची वाक्यं पाठ करत होते. काळ्याचा विटाळ मानणारा माणूस, त्या विटाळापायी दुसऱ्याच्या संसारात अंधार करणारा माणूस! मी इतकी चिडले होते की दुसरं काही आठवायला मला सवडच नव्हती. राग तेवढ्यासाठी फार सोयीचा असतो.

शुक्रवारी साहेब आले. चष्मा, बारीक आवाज, हातात फाइल. शेठच्या ऑफिसात बसले. दस्तगीरभाईंना मेव्हण्याने धरून आणलं होतं. अर्ध्या तोंडाला पांढरी पट्टी, उरलेला डोळा लाल. ते खुर्चीवर बसेनात. "शेठ उभं हायत," म्हणाले. शेवटी मी दंडाला धरून बसवलं.

शेठनी आपलं पुराण सांगितलं. काळा संच, चकचकीत संच, फिटरची घाई. मळवलेल्या गोट्या टेबलावर मांडल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "स्टोअर तुमच्याकडे ना?"

मी रजिस्टर उघडून खंडेनवमीचं पान पुढे केलं. "संच एक. चकचकीत. दुसरी नोंद नाही." मग पावती काढून त्यावर ठेवली. "हा काळा संच बुधवारी आला, साहेब. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. त्याला तेल आणि धूळ शेठनी माझ्यासमोर लावली. दुकानदाराने काळाच घ्या म्हणून सांगितलं होतं, मी तिथे उभी होते. शेठ म्हणाले, पूजेत काळं चालणार नाही."

शेठचा चेहरा पडला. मला इतका आनंद झाला की आज आठवलं तरी लाज वाटते.

साहेब लिहीत राहिले. मग पेन न उचलता, नुसतं पान पूर्ण करायचं म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे अपघाताच्या दिवशी या गॅरेजात एकही काळी गोटी नव्हती?"

"रजिस्टरात नाही, साहेब."

"रजिस्टर बघितलं मी. गॅरेजात होती का?"

ड्रॉवरची किल्ली माझ्या कमरेला होती. ती मला टोचायला लागली. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला अजून ठाऊक नाही, देवाशप्पथ ठाऊक नाही.

"नव्हती साहेब," दस्तगीरभाई म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते साहेबांकडे बघत नव्हते. पट्टीबाहेरचा तो एक लाल डोळा सरळ माझ्यावर होता.

"असती तर मी मागितली नसती व्हय?"

साहेबांनी ते लिहून घेतलं.

आता त्या दोन खेपांचं सांगते. पहिल्यांदा ते पूजेनंतर चौथ्या दिवशी आले. खिडकीवर कोपर टेकून हळूच म्हणाले, "ताई, आरवाडेकाका बाजारात भेटलं हुतं. बत्तीसची काळी तुमच्याकडं दिलीया म्हणत्यात. द्या की वाईच."

"ती पावतीत नाही, दस्तगीरभाई. रजिस्टरात चढवल्याशिवाय मला देता येत नाही. शेठची सही आणा, लगेच देते."

"शेठला कशी सांगू? काळी म्हटलं की अंगावर येत्यात."

"मग माझा नाइलाज आहे."

दुसऱ्यांदा ते गन घेऊनच आले. चकचकीत बत्तीसची गोटी त्यांनी उजेडात धरून दाखवली. काठाला केसासारखी बारीक रेघ होती. "ही बघा. तडा धरायला लागलीया. तुमच्यावर न्हाई येणार ताई, संध्याकाळी परत आणून देतो. सही मी करतो."

"तुमची सही चालत नाही. शेठची लागते. आज तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील."

"बरं," म्हणाले आणि तीच गोटी गनला लावून गेले. मी रजिस्टरात मान घातली. माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर ती काळी गोटी कुलपात होती. त्यानंतर सहाव्या दिवशी मंगळवार आला.

शेठना दंड झाला. दस्तगीरभाईंना भरपाई मिळाली. मला शेठनी महिन्याच्या आत काढलं, आणि त्यामुळे तर मी आणखीच मोठी झाले. जयसिंगपुरात बायका मला रस्त्यात थांबवून म्हणायच्या, काय धीट ग तू बाई! महिला मंडळाने नारळ आणि शाल दिली. मी ती घेतली. सोसायटीत नोकरी लागली ती त्याच नावावर. आणि माझा राग वाढतच गेला. आधी शेठवर, ते सोपं होतं. मग दस्तगीरभाईंवर. मला वाचवायला सांगितलं होतं कुणी? तिथेच, साहेबांच्या समोर, बाईने दिली नाही म्हणून ओरडले का नाहीत? ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. भांडता आलं असतं. नियम दाखवता आला असता.

गॅरेज सोडताना ड्रॉवरमधून घेतलेली ती गोटी बारा वर्षं माझ्या कपाटात होती. सोसायटीतून सुट्टी काढून एका शनिवारी सकाळी मी ती पर्समध्ये टाकली आणि शिरोळ नाक्यावर गेले. दस्तगीरभाईंचं तिथे टायरचं दुकान होतं. पत्र्याचं, स्वच्छ. मान डावीकडून उजवीकडे जास्त वळवायची सवय लागलेली, बाकी माणूस तोच. पुढे एक ट्रक उभा होता आणि ते गन बाजूला ठेवून चाकापाशी बसले होते.

"या ताई," त्यांनी ओळखलं. "बसा. च्या सांगतो."

"चहा नको." माझा आवाज नको तेवढा वर गेला. "दस्तगीरभाई, तुम्ही त्या दिवशी खोटं का बोललात?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "साहेब सरळ लिहिणार हुता, बाईनं दिली न्हाई. मग शेठ सुटला असता. सगळं तुमच्यावर आलं असतं, आणि मला एक पैसा मिळाला नसता. मी माझं बघितलं, ताई. तुमचं न्हाई."

बारा वर्षं मी ज्या उपकाराखाली दबून चिडत होते, तो उपकारही नव्हता.

"मग मला शिव्या द्या," मी म्हणाले. "आता द्या. मी त्यासाठीच आलेय. दोनदा मागितलीत, दोनदा मी नाही म्हणाले. तडा दाखवलात मला. काहीतरी बोला!"

त्यांनी फडकं उचलून हात पुसले. मी पर्स उघडली. वर्तमानपत्राचा तोच पिवळा पडलेला कागद. सोडून गोटी त्यांच्यासमोर धरली. काळी, मळकट, एकही ओरखडा नसलेली.

दस्तगीरभाईंनी ती घेतली, तोंडापाशी नेऊन आत फुंकर मारली, गनला बसवली. चाकावरचा नट सैल करून पुन्हा आवळला. टर्रर्र, आणि शांत. गोटी काढून त्यांनी उजेडात काठ नीट बघितला, सगळा, गोल फिरवून, त्या एका डोळ्याने.

मग कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"सही कुठं करू, ताई?"